कॉलऱ्याची साथ : बैठकीत कोण, खाटेपाशी कोण?

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी मला विषय दिला आहे, कॉलऱ्याच्या साथीत मदतकार्याचे संयोजन कसे करावे. आज सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी दोघीतिघींनी मला विचारले, की हा विषय तर डॉक्टरांचा, नाहीतर कलेक्टर कचेरीचा. बायकांच्या चळवळीने त्यात काय बोलायचे? प्रश्न रास्त आहे. मी काही डॉक्टर नाही, समाजकार्याचे शिक्षण घेऊन वस्त्यांमध्ये काम करणारी बाई आहे. पण या रोगात माणूस मरतो तो अंगातले पाणी संपून. आणि घरात पाणी भरायचे कोणी, उकळायचे कोणी, रोग्याच्या उशाशी बसून घोटघोट पाजायचे कोणी, त्याची घाण काढायची, कपडे धुवायचे कोणी, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे या रोगाचा निम्मा उपचार बायांच्या हातात असतो. तरी साथ आली की जी बैठक भरते त्या बैठकीत त्या नसतात. त्या नसल्यामुळे माणसे नेमकी कशी मरतात, एवढेच मी आज सांगणार आहे. त्यासाठी थोडे लांबचे दाखले द्यावे लागतील. ते शेवटी आपल्या गावात आणून सोडते.

आधी रोगाविषयी. आपल्याकडे याला पटकी म्हणत, गावाबाहेर मरीआईचे ठाणे असे. गाव तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत असे, आणि साथ पुढच्या गावाला जात असे. हा जंतू दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो आणि आतड्यात विष सोडतो. मग तांदळाच्या धुवणासारखे पांढरे, पातळ जुलाब सुरू होतात. कठीण रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. सकाळी कामावर गेलेला धडधाकट माणूस रात्रीपर्यंत हाताला लागत नाही. उपचार झाला नाही तर अशा कठीण रोग्यांतले निम्मे दगावतात. तोच उपचार वेळेवर झाला तर शंभरात एखादाही जात नाही. आणि उपचार तरी काय? पाणी, मीठ, साखर. फार कोरडा पडलेल्या, पिण्याची शुद्ध नसलेल्या रोग्याला शिरेतून सलाईन, तेही भरभर. प्रतिजैविके काही रोग्यांना उपयोगी पडतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. तेव्हा एवढा फरक, निम्मे मरणे आणि एकही न मरणे यातला, औषधाचा नसून व्यवस्थेचा असतो. कॉलऱ्याने मेलेल्या प्रत्येक माणसामागे कुठेतरी व्यवस्था चुकलेली असते. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांवर सोडून चालत नाही.

पहिला दाखला १९७१ चा. पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली आणि जवळजवळ एक कोटी माणसे भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेवर बनगाव म्हणून गाव आहे, तिथल्या छावण्यांत कॉलरा लागला. डॉ. दिलीप महालनवीस नावाचे तरुण डॉक्टर कलकत्त्याहून तिथे गेले. इस्पितळाच्या दोन खोल्या, त्यांत जमिनीवर रोगी, ओकारी आणि जुलाबाच्या चिखलात गुडघे टेकून सलाईन लावायचे, आणि सलाईन संपत आलेले. एक-दोन दिवसांतच त्यांच्या लक्षात आले की या रीतीने ही लढाई हरणार. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या, पिंपात पाण्यात कालवल्या आणि ते पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. अशा पाण्याचा उपयोग होतो हे त्याआधी ढाका आणि कलकत्त्याच्या संशोधनात सिद्ध झाले होते. पण तज्ज्ञ देखरेखीखाली, रुग्णालयात. छावणीच्या गर्दीत ते जमेल यावर जाणत्यांचा विश्वास नव्हता.

पाजायला माणसे कुठली? परिचारिका मोजक्या. ज्या आया, बहिणी, नवरे, भाऊ रोग्याबरोबर आले होते त्यांनाच मग्गा दिला आणि पाजायला सांगितले. सुमारे ३,७०० रोग्यांवर तिथे उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. त्याआधी अशा छावण्यांत ते ३० टक्क्यांपर्यंत जात होते. हा अनुभव छापून यायला १९७३ साल उजाडले. महालनवीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्यांचा मान होता तो मिळाला, उशिरा का होईना. त्या मग्गा धरणाऱ्या हातांची मात्र नावे कुठल्याच कागदावर नाहीत. मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या उपचाराची खरी नवलाई अशी की डॉक्टरांनी आपल्या हातातली गोष्ट घरच्या माणसाच्या हाती दिली आणि ते माणूस ती करू शकते हे मान्य केले. आपण पुढे जे बोलणार आहोत त्याची मेख इथे आहे.

दुसरा दाखला याच्या उलटा. साल १९९४, ठिकाण मध्य आफ्रिकेतले गोमा. शेजारच्या रुआंडात एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत तुत्सी जमातीचा वंशसंहार झाला होता. तो करणाऱ्यांचे सरकार पडल्यावर बदल्याच्या भीतीने हुतू जमातीचे लोंढे सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमध्ये शिरले. जुलैच्या मध्याला चार-पाच दिवसांत ५ ते ८ लाख माणसे. त्यांच्यात खुनी होते, त्यांचे लष्कर होते, आणि त्यांच्यामागून फरफटत आलेल्या बाया-पोरेही होती. गोम्याची जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, काळा दगड. त्यात ना संडासाचा खड्डा खणता येत, ना कबर. पाणी किवू सरोवराचे. हजारो माणसे त्याच्या काठावर धूत होती, हागत होती, आणि तेच पीत होती. किबुम्बा नावाची छावणी तर सरोवरापासून वीसेक किलोमीटरवर, तिथे टँकरवाचून थेंब नाही. २० जुलैला कॉलऱ्याचे निदान पक्के झाले. त्यामागोमाग रक्ती आवेची साथ आली. पहिल्या एका महिन्यात जवळजवळ ५०,००० माणसे मेली. रस्त्याच्या कडेला चटईत गुंडाळलेल्या प्रेतांच्या ओळी लागल्या होत्या आणि फ्रेंच सैनिक ती ट्रकमध्ये गोळा करीत होते.

तिथे मदत नव्हती असे नाही. जगभरच्या संस्था विमाने भरभरून आल्या होत्या, कॅमेरे आले होते, अमेरिकेचे लष्कर पाणी शुद्ध करायची यंत्रे घेऊन आले होते. मग एवढी माणसे का मेली? पहिल्या दिवसांत पाणीच नव्हते हे एक. माणशी एक लिटरही स्वच्छ पाणी मिळत नव्हते. पण उपचार केंद्रांत पोचलेली माणसेही फार मेली. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे एक पथक तिकडे गेले होते. या लोकांनी आयुष्यभर कॉलराच पाहिलेला. त्यांनी परत येऊन १९९५ साली जे लिहिले ते आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. रोग्यांना पाणी फार हळूहळू दिले जात होते. तोंडाने पाजण्याचा उपाय पुरेसा वापरलाच नाही. शिरेतून दिलेली सलाईने चुकीच्या प्रकारची होती. आणि काम करणाऱ्यांना कठीण कॉलरा हाताळण्याचा अनुभव नव्हता. म्हणजे सद्भावना होती, पैसा होता, विमान होते. घोटघोट पाजायला शिकवलेले माणूस नव्हते.

शिवाय बहुतेक मृत्यू केंद्रांच्या बाहेर झाले, झोपडीत, वाटेवर. तिथे रोग्याजवळ कोण होते? पुन्हा घरचीच बाई. तिच्या हातात पुडी नाही, भांडे नाही, आणि काय करायचे ते कोणी सांगितलेले नाही. पाण्याच्या रांगेत उभी राहिली तर मूल एकटे पडते, मुलाजवळ बसली तर पाणी नाही.

आता वाटपाचे बघा. एवढ्या गर्दीत अन्न वाटायचे तर सोपा मार्ग म्हणून संस्थांनी ते जुन्या गावांच्या पुढाऱ्यांच्या हवाली केले. हे पुढारी म्हणजे रुआंडातलेच जुने अधिकारी, कित्येकांचे हात रक्ताने माखलेले. त्यांनी आपल्या माणसांना दिले, सैनिकांना दिले, काही विकले. साथीच्या अभ्यासकांनी छावण्यांत पाहणी केली तेव्हा दिसले की ज्या घरांत कर्ती बाईच होती त्या घरांतली मुले कुपोषित असण्याची शक्यता जास्त होती. मला वाटते, मैत्रिणींनो, या एका निरीक्षणात समन्वयाचा सगळा धडा आहे. कागदावर धान्य पोचले होते. बैठकीत पोचल्याची नोंदही झाली असेल. पण जिच्यामागे पुरुष नाही तिच्या चुलीपर्यंत ते गेले नाही, आणि भुकेले मूल जुलाबात आधी जाते. पुढे थेट कुटुंबांच्या हाती वाटप करण्याकडे हळूहळू वळावे लागले.

न्यायाने बोलायचे तर समन्वयाचा उपयोगही गोम्यातच दिसला. दर दिवसाला किती मेले, कुठल्या छावणीत, कशाने, हे मोजायला सुरुवात झाली, त्या आकड्यांवरून पाणी आणि माणसे हलवली, आणि दर दहा हजारांमागे रोज २० ते ३५ मरत होते ते दुसऱ्या महिन्यात ५ ते ८ वर आले. तेव्हा 'बैठका घेऊन काय होते' असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या चळवळीतही कार्यालयातल्या कामाला थोडे हिणवायची सवय आहे. साथीत नोंदवही सलाईनइतकीच जीव वाचवते. प्रश्न इतकाच की त्या वहीत काय लिहिले जाते आणि सांगते कोण.

गोम्यावर टीका पुष्कळ झाली. १९९६ साली अनेक देशांनी मिळून केलेल्या मूल्यमापनात मदत संस्थांच्या बेशिस्तीवर बोट ठेवले गेले, आणि १९९७ पासून संस्थांनी एकत्र येऊन किमान निकष ठरवायला घेतले. 'स्फिअर' या नावाने ते ओळखले जातात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसे नकोत, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावे लागू नये, वीस माणसांमागे एक संडास. पुढच्या आवृत्त्यांत असेही आले की सामायिक संडासांत पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन असावेत. हे आकडे मी मुद्दाम सांगते आहे, लिहून घ्या. पूर असो, भूकंप असो, ऊसतोडीचा तळ असो, अधिकाऱ्यापुढे बसल्यावर 'पाणी कमी आहे हो साहेब' असे म्हणण्यापेक्षा 'माणशी किती लिटर येते?' असे विचारले तर साहेबाला कागद शोधावा लागतो.

पण निकष छापून प्रश्न सुटत नाही, हे हैतीने दाखवले. कॅरिबियन समुद्रातला हा गरीब देश. जानेवारी २०१० मध्ये तिथे प्रचंड भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला. हैतीत निदान शंभरएक वर्षे कॉलऱ्याची नोंद नव्हती. तो आणला कोणी? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरची घाण नदीत गेली आणि तिथून रोग आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात पसरला. दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात. भूकंपानंतर मदतीचे संयोजन करण्यासाठी आरोग्य, पाणी, निवारा अशा विषयवार बैठका भरत. त्या भरत संयुक्त राष्ट्रांच्या फाटकाआडच्या तळावर, आणि पुष्कळदा इंग्रजीत. हैतीची बाई बोलते क्रेओल. फाटकावर ओळखपत्र लागे. ज्या स्थानिक गटांना प्रत्येक वस्ती ठाऊक होती ते बाहेर राहिले. इथे कोणी बायांना 'येऊ नका' म्हटले नव्हते. फाटक आणि भाषा यांनीच ते काम केले.

आपल्याकडे हे फाटक दिसत नाही, एवढेच. तालुक्याला बैठक सकाळी दहाला असते, तेव्हा बाई रोजंदारीवर असते. भाषा मराठीच, पण 'अहवाल', 'कार्यवाही', 'उपरोक्त' अशी. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या, तरी साथीच्या बैठकीला सरपंचबाईंचे यजमान येऊन बसतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. पाड्याची, तांड्याची, दलित वस्तीची बाई तर आणखी चार पायऱ्या खाली. टँकर कुठे उभा राहणार हे जिथे ठरते तिथे ती नसते, म्हणून टँकर तिच्या वस्तीपासून लांब उभा राहतो. त्यात कॉलरा जातपात पाहत नाही, असे आपण भाषणात म्हणतो. तो पाहत नसेल, पाइपलाइन पाहते.

बाईला विचारल्याने काय मिळते याचा एक जुना किस्सा सांगते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने थैमान घातले. डॉ. जॉन स्नो यांनी एका पंपाच्या पाण्यावर बोट ठेवले आणि पंपाचा दांडा काढला गेला, हे पाठ्यपुस्तकात असते. पण त्या पंपात घाण कशी गेली? ते उलगडले नंतर, हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या पाद्र्याने घरोघरी जाऊन विचारपूस केली तेव्हा. पंपासमोरच्या घरात एका आईचे तान्हे मूल जुलाबाने आजारी होते. तिने त्याची दुपटी धुतलेले पाणी घराच्या तळातल्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते, आणि तो खड्डा विहिरीत पाझरत होता. दुपटी कुठे धुतलीस, हा प्रश्न तिलाच विचारावा लागला. तो विचारायला कुठलाही नकाशा पुरला नसता.

आता एक आशेचा दाखला, तोही शेजारचाच. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत गावोगाव बायका पाठवल्या, घरोघरी जाऊन आयांना मीठगुळाचे पाणी करायला शिकवण्यासाठी. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पुडीची वाट बघायची नाही. १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत त्या गेल्या. सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट त्यांच्या पगाराची. घरे किती केली यावर पैसे नव्हते. महिनाभराने दुसरे कोणी तरी निवडक घरी जाऊन त्या आईला विचारायचे, तुला काय आठवते, करून दाखव. तिने केलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचे. तिला जेवढे आले तेवढे शिकवणारीला पैसे. म्हणजे शिकवणे शिकणारीकडून मोजले गेले. आपल्या किती प्रशिक्षणांचे असे मोजमाप होते ते मनाशीच विचारा.

सुरुवातीला बायांना करता येत होते, पण घरात जुलाब झाले की त्या वापरत नव्हत्या. शोध घेतला तर दोन गोष्टी निघाल्या. शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, स्वतःच्या घरी त्या गोळ्या देत. आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितले नव्हते, ते म्हणायचे हे कसले औषध. मग कार्यकर्त्या आईसमोर ते पाणी स्वतः पिऊन दाखवू लागल्या, आणि पुरुष कार्यकर्ते बाजारात, मशिदीत जाऊन पुरुषांशी बोलू लागले. बाईच्या हातात ज्ञान दिले तरी ते वापरायची मुभा घरातून मिळवावी लागते, हे आपल्याला कुटुंब नियोजनापासून ठाऊक आहेच.

आता आपल्या गावात येते. पावसाळ्याची पहिली मोठी सर झाली, चढाच्या अंगाने घाण वाहून आली, आणि एका वस्तीत दोन दिवसांत दहा-बारा जणांना जुलाब लागले. बहुधा याला 'गॅस्ट्रो' म्हटले जाते. कॉलरा हा शब्द यंत्रणेला जड जातो, कारण तो लिहिला की वर उत्तर द्यावे लागते. हे जगभर चालते. झिंबाब्वेत २००८ च्या ऑगस्टात साथ सुरू झाली, डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांनी आता कॉलरा उरला नाही असे जाहीर केले. साथ २००९ च्या मध्यापर्यंत चालली, रोगी एक लाखाच्या जवळ गेले आणि चार हजारांवर माणसे मेली. तेव्हा शौचाचे नमुने तपासायला गेले का, कधी, निकाल काय, हे पहिल्या दिवशीच विचारायचे. निकालासाठी उपचार मात्र थांबवायचा नाही. पाणी पाजायला निदान लागत नाही.

पाण्याकडे बघायचे तर टीसीएल पावडर. ग्रामपंचायतीच्या खोलीत फाटकी गोणी ओलीत पडलेली असते. तिच्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो आणि तीच टाकीत पडते. रजिस्टरवर 'पावडर टाकली' असे रोज लिहिलेले असते. जलसुरक्षकाला सांगून शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यायची. पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरीन नाही. टाकीजवळच्या नळाला ती नेहमीच बरी येते, म्हणून शेवटचा नळ. आणि पाइप कुठे फुटला आहे, कुठल्या गटाराजवळून तो जातो, कुठल्या वेळी पाण्याला वास येतो, हे पाणी भरणारीला विचारायचे. ती नकाशावाचून सांगते.

दवाखान्यात किंवा शाळेत खाटा टाकल्या तर तिथेही आपल्याला काम आहे. कॉलऱ्याच्या रोग्यासाठी खाटेला मधोमध भोक पाडतात आणि खाली बादली ठेवतात, म्हणजे किती गेले ते मोजता येते आणि तेवढे भरून देता येते. पण त्यासाठी कपडे काढून पडावे लागते. आडोसा नाही, बाई कर्मचारी नाही, शेजारी परका पुरुष, मग बाई येतच नाही. येते ती शेवटच्या घटकेला, डोळे खोल गेल्यावर. साडी-चादरीचा पडदा लावायला खर्च येत नाही, कोणाला तरी सुचावे लागते. पोटुशी बाई आली तर तिला आधी घ्यायला सांगायचे, कारण अंगातले पाणी गेले की पोटातले मूल दगावण्याचा धोका मोठा असतो. तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करायचे नाही, हेही सासूसमोर सांगायचे.

नोंदवहीत नाव बाईचे स्वतःचे लिहायला लावायचे, 'अमक्याची बायको' नको. वस्ती कोणती, जुलाब कधी सुरू झाले, दवाखान्यात कधी पोचली, हे रकाने हवेत. सुरू होणे आणि पोचणे यांत पुरुषाला किती वेळ लागला आणि बाईला किती, हे मांडून बघितले की पुष्कळ कळते. घरी मेलेल्यांची नोंद वेगळी ठेवायची, कारण तीच कोणी ठेवत नाही. प्रेत धुणाऱ्या आणि रोग्याचे कपडे धुणाऱ्या बायांना क्लोरीनचे पाणी आणि साबण आधी मिळाला पाहिजे. वहिरीवर किंवा ओढ्यावर ते कपडे जाऊ द्यायचे नाहीत.

आणि घरी काय? ओआरएसची पुडी असेल तर उत्तम. पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी, कमी नाही. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर मुलाला अपाय होतो, पाणी अश्रूंहून खारट लागता कामा नये. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. डोळे खोल, चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते, पिता येत नाही, ग्लानी आली, तर पाजत पाजतच दवाखान्यात न्यायचे. वाहन मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही.

हे सगळे म्हटल्यावर 'आशा' आठवते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. साथीत पुड्या घेऊन दारोदार जाणारी, रात्री दार वाजले की उठणारी, नावे लिहून देणारी तीच. बनगावला जे हात निनावी होते त्यांना इथे निदान एक नाव मिळाले, पण पगार मिळाला नाही. तिला 'स्वयंसेविका' म्हणतात आणि कामागणिक मोबदला देतात. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला आशांनी संप केले ते याचसाठी. साथ आली की आपले गट मदतीला धावतात, धावायलाच हवे. पण आपण फुकट करतो म्हणून आशेनेही फुकट करावे असा अर्थ त्यातून कोणी काढत असेल, तर तो तिथल्या तिथे खोडून काढला पाहिजे. बैठकीत तिची खुर्ची मागायची आणि त्या दिवसाची तिची मजुरीही मागायची.

दुपारच्या सत्रात दोन कामे करू. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतले पाण्याचे सगळे साठे, फुटके पाइप, संडास, टँकरची जागा कागदावर काढायची. आणि तालुक्याच्या बैठकीला आपल्यातल्या कोणी जायचे, तिच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक आणि पोरे कोण बघणार, हे नाव घालून लिहायचे. दुसरे काम मला जास्त अवघड वाटते, म्हणून त्याला वेळ जास्त ठेवला आहे.